राजकीय पक्षांच्या देणग्या व कर्जांविषयीचे नियम (भारत)

भारतातील राजकीय पक्षांना मिळणाऱ्या देणग्या व कर्जे यांची माहिती कोणी, कोणाला आणि कितपत उघड करावी, तसेच त्यांतील कोणती माहिती गोपनीय राहू शकते, हे ठरवणारे नियम कोणत्याही एका कायद्यात एकत्रित नाहीत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१, प्राप्तिकर अधिनियम १९६१, कंपनी अधिनियम २०१३, परकीय योगदान (नियमन) अधिनियम २०१० आणि भारत निवडणूक आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे या सर्वांतील तरतुदी एकत्र वाचल्यावर ही व्यवस्था स्पष्ट होते. देणगीदाराची राजकीय खाजगी निवड आणि मतदाराचा माहितीचा अधिकार यांच्यातील ताण हा या विषयाचा गाभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवून या प्रश्नावर महत्त्वाचा निर्णय दिला. मात्र २०,००० रुपयांपर्यंतच्या देणग्या आणि पक्षांनी घेतलेली कर्जे यांबाबतच्या त्रुटी त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिल्या.

## पार्श्वभूमी

### टाटा आयर्न अँड स्टील प्रकरण (१९५७)

स्वातंत्र्योत्तर काळात कंपन्यांनी पक्षांना देणग्या द्याव्यात की नाही, या प्रश्नाची महत्त्वाची न्यायालयीन चर्चा मुंबई उच्च न्यायालयात झाली. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी, यासाठी आपल्या संस्थापन ज्ञापनात बदल करावयाचा होता. एका भागधारकाने त्यास हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या खंडपीठाने १९५७ मध्ये हा बदल तत्कालीन कायद्यानुसार ग्राह्य धरला. परंतु कंपन्यांचा पैसा राजकारणात येऊ देणे लोकशाहीला धोकादायक ठरू शकते, असा इशाराही त्यांनी दिला आणि संसदेने या प्रश्नाकडे लक्ष द्यावे, असे सुचवले. २०२४ च्या निकालातही या निरीक्षणांचा आधार घेण्यात आला.

### बंदी आणि पुनर्परवानगी

१९६० मध्ये कंपनी अधिनियमात कलम २९३-ए समाविष्ट करून कंपन्यांच्या देणग्यांना मर्यादा घालण्यात आली. २५,००० रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती मर्यादा होती. दिलेली देणगी नफा-तोटा पत्रकात दाखवणे बंधनकारक होते. १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर संपूर्ण बंदी आली. पक्षांना सरकारी तिजोरीतून निधी देण्याची पर्यायी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही, त्यामुळे बेहिशेबी रोख रकमेवरील अवलंबित्व वाढले, अशी टीका पुढे सातत्याने होत राहिली. १९८५ मध्ये बंदी उठवून सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगीस पुन्हा परवानगी देण्यात आली. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १८२ ने ही मर्यादा ७.५ टक्के केली.

### नागपूर निवडणूक याचिका

१९९१ च्या लोकसभा निवडणुकीत नागपूरमधून दत्ता मेघे विजयी झाले. खर्चाच्या मर्यादेचा भंग झाल्याच्या मुद्द्यावर त्यांच्या निवडीला आव्हान देण्यात आले. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पक्षाने किंवा समर्थकांनी केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात न धरण्याची पळवाट त्या काळी कायद्यातच होती. न्यायालयाने त्या निकालात एक व्यापक निरीक्षण नोंदवले. कूपनविक्रीतून व देणग्यांतून जमलेल्या पैशाचा आणि निवडणुकीवरील खर्चाचा हिशेब पक्ष ठेवत नाहीत, ही प्रथा चांगली नाही आणि त्यासाठी नियम हवेत, असे न्यायालयाने म्हटले. १९९६ मध्ये 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पक्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांच्या बंधनाची अंमलबजावणी करण्यास सांगितले.

## देणग्यांविषयीचे नियम

### कोणाकडून देणगी घेता येते

लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २९-बी नुसार नोंदणीकृत पक्ष कोणतीही व्यक्ती किंवा सरकारी नसलेली कंपनी यांच्याकडून स्वेच्छेने दिलेली रक्कम स्वीकारू शकतो. सरकारी कंपनी आणि परकीय स्रोत यांच्याकडून देणगी घेण्यास मनाई आहे. कंपनी तीन वर्षांहून कमी काळ अस्तित्वात असल्यास तिला देणगी देता येत नाही. देणगीसाठी संचालक मंडळाचा ठराव आवश्यक असतो. कलम १८२ चा भंग झाल्यास देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड आणि दोषी अधिकाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

परकीय स्रोताची व्याख्या वादाचा विषय ठरली आहे. वेदान्त समूहाच्या भारतीय उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष यांनी कायद्याचा भंग केला, असा निष्कर्ष दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०१४ रोजी काढला. त्यानंतर २०१६ आणि २०१८ च्या वित्त अधिनियमांद्वारे ही व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने शिथिल करण्यात आली.

### २०,००० रुपयांची मर्यादा

२००३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २९-सी नुसार, एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीकडून किंवा कंपनीकडून २०,००० रुपयांहून अधिक देणगी मिळाल्यास पक्षाच्या कोषाध्यक्षाने त्याचा अहवाल निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. हा अहवाल नमुना २४-ए मध्ये असतो. त्यात देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन क्रमांक, रक्कम आणि ती कशी दिली याचा तपशील असतो. आयोग हे अहवाल आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करतो. अहवाल वेळेत न दिल्यास पक्षाची प्राप्तिकरातील सवलत जाते.

या मर्यादेपेक्षा कमी रकमेच्या देणगीदारांची नावे पक्षाला जाहीर करावी लागत नाहीत. कलम २९-सी वर्षभरातील एकूण रकमेविषयी बोलते, तर प्राप्तिकर अधिनियमाचे कलम १३-ए प्रत्येक स्वतंत्र देणगीची नोंद ठेवण्यास सांगते. लहान देणग्यांची नावेच नोंदवली गेली नाहीत, तर एकाच व्यक्तीने वर्षात अनेक वेळा पैसे दिले का, हे पडताळण्याचा मार्ग उरत नाही. बहुजन समाज पक्षाने अनेक वर्षे आपल्याला २०,००० रुपयांहून अधिक एकही देणगी मिळाली नसल्याचे आयोगाला कळवले होते.

विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५ व्या अहवालात यावर उपाय सुचवला. लहान देणग्यांची बेरीज २० कोटी रुपये किंवा एकूण देणग्यांच्या २० टक्के, यांपैकी कमी असलेल्या रकमेपेक्षा जास्त झाल्यास त्या देणगीदारांची नावेही जाहीर करावीत, अशी ही शिफारस होती. निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर करण्याची मर्यादा २०,००० वरून २,००० रुपयांवर आणण्याचा प्रस्ताव कायदा मंत्रालयाकडे पाठवला.

### रोख देणग्या आणि करसवलत

कलम १३-ए नुसार पक्षांचे देणग्यांचे उत्पन्न करमुक्त असते. त्यासाठी हिशेबाची पुस्तके ठेवणे, लेखापरीक्षण करून घेणे आणि वेळेत विवरणपत्र भरणे या अटी आहेत. २०१७ च्या वित्त अधिनियमाने २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने घेण्यास मनाई केली. मात्र नाव जाहीर करण्याची २०,००० रुपयांची मर्यादा बदलली नाही. परिणामी २,००० ते २०,००० रुपयांमधील देणगी बँकेमार्फत येते, तिचा माग बँकेत राहतो, परंतु मतदाराला ती दिसत नाही.

या अटींचे परिणाम प्रत्यक्षातही दिसले आहेत. काँग्रेसने २०१८-१९ या करनिर्धारण वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०१८ या मुदतीनंतर, २ फेब्रुवारी २०१९ रोजी भरले. शिवाय २,००० रुपयांच्या मर्यादेचा भंग करणाऱ्या रोख देणग्या आढळल्या. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या दिल्ली खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये १९९.१५ कोटी रुपयांच्या उत्पन्नावरील करसवलत नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला.

### निवडणूक न्यास

अनेक कंपन्यांकडून पैसे गोळा करून ते पक्षांना वाटणाऱ्या संस्थेस निवडणूक न्यास म्हणतात. टाटा समूहाने १९९६ मध्येच असा न्यास स्थापन केला होता. केंद्र सरकारने ३१ जानेवारी २०१३ रोजी निवडणूक न्यास योजना अधिसूचित केली. न्यासाला वर्षभरात मिळालेल्या रकमेपैकी किमान ९५ टक्के रक्कम पक्षांना द्यावी लागते आणि देणगीदार व लाभार्थी पक्ष यांची यादी आयोगाला सादर करावी लागते. कोणत्या कंपनीने न्यासाला किती दिले आणि न्यासाने कोणत्या पक्षाला किती दिले, हे यातून कळते. मात्र विशिष्ट कंपनीचा पैसा विशिष्ट पक्षाकडे गेला का, हे न्यासात अनेक देणगीदार असल्यास सांगता येत नाही. निवडणूक रोखे रद्द झाल्यानंतर कंपन्यांच्या देणग्यांत या मार्गाचे महत्त्व वाढले.

## निवडणूक रोखे योजना

तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात निवडणूक रोख्यांची घोषणा केली. योजना २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झाली आणि पहिली विक्री मार्च २०१८ मध्ये झाली. १,०००, १०,०००, १ लाख, १० लाख आणि १ कोटी रुपये अशा पाच मूल्यांचे रोखे भारतीय स्टेट बँकेच्या २९ अधिकृत शाखांत मिळत. महाराष्ट्रात ही सोय मुंबई मुख्य शाखेत होती. रोखा १५ दिवसांत वटवावा लागे. मागील लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत किमान १ टक्का मते मिळवलेल्या नोंदणीकृत पक्षांनाच तो स्वीकारता येई.

या योजनेची गोपनीयता एकतर्फी होती. रोख्यावर देणगीदाराचे नाव नसे. बँक मात्र ग्राहकाची ओळख पडताळून घेत असे आणि रोख्यावर अतिनील प्रकाशातच दिसणारा अक्षर-अंकी क्रमांक असे. बँकेकडील माहिती सक्षम न्यायालयाने मागितल्यास किंवा फौजदारी गुन्हा नोंदल्यानंतर तपासयंत्रणेने मागितल्यास देण्याची तरतूद होती. म्हणजे माहिती सरकारी बँकेत उपलब्ध होती, मतदाराला मात्र नव्हती. २०१७ च्या वित्त अधिनियमाने कंपन्यांच्या देणग्यांवरील ७.५ टक्क्यांची मर्यादा काढून टाकली आणि कोणत्या पक्षाला देणगी दिली हे सांगण्याचे बंधनही रद्द केले. निवडणूक आयोगाने २६ मे २०१७ च्या पत्रात या बदलांवर हरकत घेतली होती. रिझर्व्ह बँकेनेही योजनेविषयी आक्षेप नोंदवले होते.

सरकारची भूमिका अशी होती की, देणगीदाराचे नाव उघड झाल्यास विरोधी पक्ष त्याच्यावर सूड उगवू शकतात, म्हणून तो रोखीकडे वळतो. गोपनीयता दिल्यास पैसा बँकेच्या मार्गाने येईल.

### सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) आदींनी योजनेला आव्हान दिले. १२ एप्रिल २०१९ च्या अंतरिम आदेशाने पक्षांना रोख्यांचा तपशील मोहोरबंद लिफाफ्यात आयोगाकडे देण्यास सांगण्यात आले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजीव खन्ना, न्या. भूषण गवई, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने योजना रद्द केली. न्या. खन्ना यांनी स्वतंत्र, परंतु सहमतीचे निकालपत्र लिहिले.

न्यायालयाच्या मते, पक्षांना पैसा कोण देते हे जाणण्याचा मतदाराचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) मध्ये अंतर्भूत आहे. राजकीय कल व्यक्त करणाऱ्या देणगीदाराला खाजगीपणाचा अधिकार असल्याचेही न्यायालयाने मान्य केले. परंतु धोरणांवर प्रभाव टाकण्यासाठी दिलेल्या देणग्यांना तो लागू होत नाही, असे स्पष्ट केले. कंपन्यांना अमर्याद देणग्यांची मुभा देणे मनमानी आणि म्हणून अनुच्छेद १४ च्या विरोधात असल्याचे ठरवण्यात आले. २०१७ चा वित्त अधिनियम धनविधेयक म्हणून मंजूर करणे वैध होते का, हा प्रश्न या निकालात हाताळला गेला नाही.

### माहितीचे प्रकटीकरण

स्टेट बँकेने तपशील देण्यासाठी ३० जून २०२४ पर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ११ मार्च रोजी ती नाकारून दुसऱ्या दिवशीच माहिती देण्याचा आदेश दिला. आयोगाने १४ मार्च रोजी खरेदीदार आणि पक्ष यांच्या दोन स्वतंत्र याद्या प्रसिद्ध केल्या. त्यांत रोख्यांचे क्रमांक नसल्याने कोणाचा पैसा कोणाला मिळाला, हे कळत नव्हते. न्यायालयाने १८ मार्च रोजी संपूर्ण तपशील मागितल्यानंतर २१ मार्च रोजी क्रमांकांसह माहिती प्रसिद्ध झाली. बँकेच्या शपथपत्रानुसार १ एप्रिल २०१९ ते १५ फेब्रुवारी २०२४ या काळात २२,२१७ रोखे विकले गेले आणि २२,०३० वटवले गेले. योजनेच्या संपूर्ण काळात सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. प्रसिद्ध माहितीत सर्वाधिक, सुमारे ६,०६० कोटी रुपये भारतीय जनता पक्षाला मिळाल्याचे दिसले. लाभार्थींच्या यादीत तृणमूल काँग्रेस, काँग्रेस, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष यांचाही समावेश होता.

पक्षांनी मोहोरबंद लिफाफ्यांत दिलेली निवेदनेही मार्च २०२४ मध्ये खुली झाली. द्रमुकसारख्या काही पक्षांनी देणगीदारांची नावे कळवली होती. संयुक्त जनता दलाने मात्र पाटण्यातील कार्यालयात कोणीतरी लिफाफा आणून दिला आणि त्यात प्रत्येकी १ कोटीचे दहा रोखे निघाले, असे सांगितले होते. देणग्या आणि सरकारी निर्णय यांतील संभाव्य देवाणघेवाणीच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. सामान्य फौजदारी कायद्यातील उपाय उपलब्ध असल्याचे त्याचे कारण देण्यात आले.

## कर्जांविषयीचे नियम

कलम २९-सी 'देणगी' या संकल्पनेवर उभे आहे, त्यात कर्जाचा उल्लेख नाही. त्यामुळे पक्षाने घेतलेले कर्ज नमुना २४-ए मध्ये येत नाही. ते वार्षिक ताळेबंदात दायित्वांच्या बाजूला दिसते. निवडणूक आयोगाच्या २९ ऑगस्ट २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षांना लेखापरीक्षित वार्षिक हिशेब ३१ ऑक्टोबरपर्यंत सादर करावे लागतात.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २०१२ मध्ये पक्षांच्या हिशेबांसाठी मार्गदर्शक टिपण काढले. कर्ज कोणत्या बँकेकडून, वित्तसंस्थेकडून किंवा व्यक्तीकडून घेतले आणि ते एका वर्षात, एक ते पाच वर्षांत की त्यानंतर फेडावयाचे, हे पक्षांनी सांगावे, असे त्यात अपेक्षित आहे. हे टिपण कायद्याइतके बंधनकारक नाही आणि सर्व पक्ष हा तपशील देत नाहीत, असे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या विश्लेषणांत वारंवार आढळले आहे.

प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम २६९-एसएस नुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास सर्वसाधारण मनाई आहे. ही तरतूद पैशाचा मार्ग ठरवते, कर्ज देणाऱ्याचे नाव जनतेसमोर आणत नाही. बाजारापेक्षा कमी व्याजाने दिलेले, मुदत सतत वाढवलेले किंवा अखेरीस माफ केलेले कर्ज आर्थिकदृष्ट्या देणगीसारखेच असते. असे कर्ज कोणत्या टप्प्यावर देणगी मानावे, याची स्पष्ट व्याख्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात नाही.

उमेदवारांच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. नमुना २६ मधील शपथपत्रात उमेदवाराला आपली व कुटुंबीयांची कर्जे व अन्य दायित्वे जाहीर करावी लागतात. निवडणूक खर्चाच्या हिशेबात स्वतःचा पैसा, पक्षाकडून आलेली रक्कम आणि इतरांकडून कर्ज, भेट किंवा देणगी म्हणून मिळालेली रक्कम स्वतंत्रपणे दाखवावी लागते.

## पक्ष आणि माहितीचा अधिकार

केंद्रीय माहिती आयोगाने २००८ मध्ये पक्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे नागरिकांना उपलब्ध करून देण्याचा निर्णय दिला. ३ जून २०१३ रोजी आयोगाच्या पूर्णपीठाने काँग्रेस, भाजप, भाकप, माकप, राष्ट्रवादी काँग्रेस आणि बसप हे सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकार अधिनियमाखालील सार्वजनिक प्राधिकरणे असल्याचे ठरवले. पक्षांनी या आदेशाचे पालन केले नाही. मार्च २०१५ मध्ये आयोगाने आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याबाबत आपली असमर्थता नोंदवली आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

## महाराष्ट्रातील अंमलबजावणी

लोकसभा व विधानसभा निवडणुका भारत निवडणूक आयोगाच्या, तर ग्रामपंचायत ते महानगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. स्थानिक निवडणुकांसाठी पक्षांची नोंदणी राज्य आयोगाकडेही होते. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने जुलै २०१६ मध्ये प्राप्तिकर विवरणपत्रे व लेखापरीक्षित हिशेब सादर न केल्याच्या कारणावरून १९१ पक्षांची नोंदणी रद्द केली. भारत निवडणूक आयोगाचा असा अधिकार मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या एका निकालानुसार फार मर्यादित आहे.

### जाफराबादचे उदाहरण

या नियमांतून मतदाराला प्रत्यक्षात किती माहिती मिळते, हे जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्याच्या उदाहरणावरून समजते. हा तालुका भोकरदन विधानसभा आणि जालना लोकसभा मतदारसंघात येतो, तर जाफराबाद शहराचा कारभार नगरपंचायत पाहते. येथील मतदाराला पुढील माहिती मिळू शकते:

- उमेदवारांची शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.
- उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, सादर केलेला खर्चाचा हिशेब कोणालाही तपासता येतो. निवडणूक संचालन नियम १९६१ मधील नियम ८८ नुसार त्यासाठीचे शुल्क १ रुपया आहे.
- २०२२ मध्ये निश्चित झालेल्या मर्यादेनुसार महाराष्ट्रात लोकसभा उमेदवाराला ९५ लाख व विधानसभा उमेदवाराला ४० लाख रुपये खर्च करता येतात. पक्षाच्या खर्चाला अशी मर्यादा नाही.
- पक्षांचे देणगी अहवाल व वार्षिक हिशेब संकेतस्थळावर मिळतात.

न मिळणारी माहितीही तितकीच महत्त्वाची आहे. पक्षांचे अहवाल मतदारसंघनिहाय नसल्यामुळे तालुक्यात गोळा झालेला निधी त्यांतून कळत नाही. पावतीपुस्तकावर किंवा कूपनांवर जमलेली लहान रक्कम नावाशिवाय एकूण बेरजेत जाते. पक्षाने कर्ज काढून प्रचार केला असल्यास कर्ज देणाऱ्याचे नाव निवडणुकीपूर्वी समजण्याची सोय नाही. वार्षिक हिशेब आर्थिक वर्ष संपल्यानंतर काही महिन्यांनी येतात, त्यामुळे देणग्यांची माहितीही बहुधा मतदानानंतरच हाती येते.

## अन्य देशांतील व्यवस्था

देणग्या आणि कर्जे यांना समान नियम लावण्याचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. तेथे २००० च्या कायद्याने पक्षांना मोठ्या देणग्या जाहीर करणे बंधनकारक केले. २००५ च्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी पक्षांनी श्रीमंत व्यक्तींकडून गुप्तपणे कर्जे घेतल्याचे २००६ मध्ये उघड झाले आणि त्याच वर्षी कर्जेही प्रकटीकरणाच्या कक्षेत आणण्यात आली.

उत्तर आयर्लंडला मात्र दीर्घकाळ अपवाद होता. तेथील हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर देणगीदारांच्या जिवाला धोका संभवतो, या कारणाने त्यांची नावे निवडणूक आयोगाला कळवली जात, पण प्रसिद्ध केली जात नसत. १ जुलै २०१७ पासूनच्या देणग्या व कर्जांची माहिती प्रसिद्ध होऊ लागली, त्यापूर्वीची गोपनीय राहिली. सूडाच्या भीतीचा युक्तिवाद भारतातही झाला. फरक असा की, उत्तर आयर्लंडमध्ये पूर्ण माहिती स्वतंत्र निवडणूक आयोगाकडे होती, तर भारतातील रोख्यांच्या बाबतीत ती सरकारी मालकीच्या बँकेकडे होती आणि आयोगालाही ती न्यायालयाच्या आदेशानंतरच मिळाली.

## हे सुद्धा पहा

- भारत निवडणूक आयोग
- महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग
- निवडणूक रोखे
- लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१
- माहितीचा अधिकार
- जालना लोकसभा मतदारसंघ